कोमामेचा भात झाकून ठेवा

मी आळीच्या बैठकीत तोंड उघडलं, ही या प्रकरणातली मूळ चूक. बाकीच्या सगळ्या चुका म्हणजे तिची पिल्लं.

चाळीस वर्षं मी या बैठकांना जातो आहे आणि तिथलं माझं काम ठरलेलं आहे. दाराशी काढलेल्या चपला सरळ लावायच्या, चहाचे पेले मोजायचे, आणि सगळ्यांनी मान डोलावली की अर्ध्या क्षणानं आपणही डोलवायची. हाइजाकी गावच्या वाचनालयात मी पस्तीस वर्षं नोकरी केली. तिथं माणूस बोलायचं विसरतो आणि लोक त्याला विद्वान समजू लागतात. हा गैरसमज मी निवृत्तीनंतरही मोठ्या काळजीनं जपला होता.

त्या दिवशी विषय होता पाचच्या भोंग्याचा. आमच्या गावात अडतीस खांब आहेत आणि प्रत्येक खांबावर चार भोंगे. ज्वालामुखीचा डोंगर राख उडवायला लागला, नदी फुगली, रानडुक्कर आळीत शिरलं, की कचेरीतून सूचना येते. शिवाय रोज संध्याकाळी पाचला एक बाई म्हणायची, "पाच वाजले. मुलांनो, घरी चला." ही बाई म्हणजे जुन्या पोस्टमास्तरांची बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण ती रोज न चुकता मुलांना घरी पाठवत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोस्टमास्तर होते तोवर पाचला पाच मिनिटं असताना खांबाखाली येऊन उभे राहायचे. ऐकून झालं की टोपी सारखी करून घरी जायचे. मुलं जायचीच असं नाही. पण निदान एक माणूस तिचं ऐकत होता.

आता कचेरीनं नवं यंत्र घेतलं आणि त्याला जुनी टेप चालेना. महिनाअखेरपर्यंत आमच्या आळीनं नवा आवाज द्यावा, नाहीतर संगणकाचा आवाज लावण्यात येईल, असं पत्र आलं. सोबत त्या आवाजाचा नमुना. बैठकीत तो सगळ्यांनी ऐकला. ती संगणकातली बाई 'घरी चला' असं काही म्हणत होती, की ज्याला घर आहे त्यालाही क्षणभर शंका यावी.

"तर," अध्यक्ष कुनिमात्सुसान म्हणाले, "आवाज कोण देणार?" कुनिमात्सुसान निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. अजूनही एक वाक्य संपलं की डावीकडे-उजवीकडे बघून मगच दुसरं सोडतात.

"मी देते की," टोफूवाल्या फुसाएबाई म्हणाल्या.

"तुमच्या हाकेनं पोरं घरी नाही यायची. डोंगरात पळतील."

"मग तुम्हीच द्या! सगळी पोरं फलाटावर रांग लावून उभी राहतील, गाडीची वाट बघत!"

हशा झाला. हशा ओसरला की एक रिकामी जागा तयार होते. शहाणी माणसं ती चहाच्या घोटानं भरतात. मी मात्र म्हणालो, "आमच्या हिनं... पूर्वी आवाजाचं काम केलंय. थोडंसं."

अठरा माना माझ्याकडे वळल्या. भिंत बोलली असती तर इतक्या वळल्या नसत्या.

"मित्सुएवहिनींनी? कसलं काम?"

"कार्टूनमधलं. म्हणजे ॲनिमेमधलं."

"कोण व्हायच्या त्या?"

इथं थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर न बोललेल्या माणसाला थांबायची सवय तरी कुठून असणार? मी म्हणालो, "महायंत्र चालवायची."

आता थोडं सांगितलंच पाहिजे. त्रेचाळीस वर्षांपूर्वी 'महायंत्र गान्तेत्सु' नावाची मालिका दर बुधवारी लागत असे. बारा मजली लोखंडी राक्षस आणि तो चालवणारे सहा जण. त्यांतले पाच तरुण दात आवळून पृथ्वी वाचवायचे. सहावी कोमामे. सोळा वर्षांची, सगळ्यांत लहान आणि अतिशय वाह्यात. ती शत्रूच्या यंत्रांना रंगानं मिशा काढायची. लढाई ऐन रंगात आली की हिमकड्यावरून बारा मजले घसरगुंडीसारखे सोडून द्यायची. यंत्रात बसून खारवलेल्या आलुबुखाराचा भातगोळा खायची आणि बी शत्रूच्या डोळ्यावर नेम धरून उडवायची. निघताना दर वेळी खिदळत ओरडायची, "जाऊन येते हं! माझा भात झाकून ठेवा!" हा आवाज आमच्या मित्सुएचा.

मालिका सव्वीस भागांची होती. पण खेळण्यातल्या गान्तेत्सुचा डावा हात पहिल्याच दिवशी निखळायचा, त्यामुळे तो खपेना आणि पैसे घालणाऱ्यांनी अंग काढून घेतलं. एकोणिसाव्या भागात कोमामे 'जाऊन येते' म्हणून निघाली, आणि पुढच्या बुधवारी त्या वेळेला मुळ्याच्या पाककृती सुरू झाल्या. कोमामे परत आलीच नाही. मित्सुएनं ते काम सोडलं, माझ्याशी लग्न केलं, आणि या गावात लोणच्याच्या कारखान्यात तीस वर्षं मुळे खारवले. मुळ्यांवर तिनं राग धरला नाही, हा तिचा मोठेपणा. लग्नानंतर तिनं एकच अट घातली होती : त्या पोरीबद्दल इथं कुणाला सांगायचं नाही.

चाळीस वर्षं सांभाळलेली ती अट मी चहाच्या एका घोटाच्या जागेत घालवली.

*

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. फुसाएबाई वाटेत आनंदानं दोन टोफूच्या वड्या फुकट देऊन गेल्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मिसो सूपमध्ये टोफू नव्हता. काहीच नव्हतं. गरम खारं पाणी आणि त्यात माझं प्रतिबिंब.

"अहो," मित्सुए म्हणाली, "एक गोष्ट सांभाळायला दिली होती तुम्हाला. एक."

"चुकलं माझं."

"पुस्तकं बरी सांभाळलीत पस्तीस वर्षं."

"पुस्तकं विचारत नाहीत गं, की पुढं काय झालं."

तिनं वाट्या उचलल्या, विसळल्या. मग म्हणाली, "आता नाही म्हटलं तर आळी म्हणेल, बाई शेफारली. वाचीन मी. पण साध्या आवाजात, चारचौघींसारखी. त्या पोरीचं नाव काढायचं नाही."

काम आता फक्त एक ओळ वाचण्याचं उरलं होतं. पण आमच्या आळीत कुठलीही गोष्ट फिरत्या पाटीवर गेल्याशिवाय होत नाही. ही पाटी घरोघर फिरते. वाचायचं, आपल्या चौकटीत सहीऐवजी नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारी पोचवायची. मी पाटीवर 'सूचना असल्यास लिहाव्यात' अशी ओळ घातली. ही पिल्लांतली पहिली चूक. पाटी परत आली तेव्हा तिच्यावर अकरा शिक्के, नऊ सूचना आणि सोबत काकड्यांची एक पिशवी होती. काकड्या सूचनांच्या बाजूनं होत्या की विरुद्ध, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकानं 'आवाज आईसारखा असावा' असं लिहिलं होतं. त्याखाली, 'माझ्या आईसारखा नको.' फुसाएबाईंनी, 'टोफू संपत आल्याचंही त्यातच सांगता येईल.' कुनिमात्सुसाननी भोंग्यावर बोलण्याची शिस्त लिहून पाठवली होती : खांबाखांबांचे आवाज डोंगरावर आपटून एकमेकांत अडकतात, म्हणून एक तुकडा बोलावा, मनात दोन आकडे मोजावेत, मग दुसरा तुकडा सोडावा. अगदी गाड्यांसारखं.

सगळ्यांचं समाधान होईल अशी एक ओळ लिहायला मला चौदा कच्चे मसुदे लागले. चौदावा होता, "पाच वाजले. मुलांनो, घरी चला." म्हणजे पोस्टमास्तरांच्या बायकोचाच. पण तो मी विचारपूर्वक लिहिला होता.

अर्ज घेऊन कुनिमात्सुसानबरोबर कचेरीत गेलो. आपत्ती विभागाचे प्रमुख सेगावासान. एक्कावन्न वर्षांचे, इस्त्रीच्या घड्यासुद्धा नियमानुसार पडलेल्या. त्यांनी अर्ज दोन्ही हातांनी घेतला, पाहिला, आणि त्यांच्या कपाळावर एक लहानशी आठी आली. बाहेर आल्यावर कुनिमात्सुसान हळूच म्हणाले, "हिराइवासान, तुमचा शिक्का ताठ उभा आहे."

"मग? वाकडा मारायचा?"

"अहो, खालच्या माणसानं आपला शिक्का वरच्याच्या शिक्क्याकडे जरा कलता मारायचा असतो. नमस्कार केल्यासारखा. कारकून कललाय, उपप्रमुख कललाय, आणि तुम्ही मधे छाती काढून उभे."

नम्र म्हणून मला सगळं गाव ओळखतं. आरशासमोरसुद्धा मी आधी वाकतो. आणि कागदावर मी उद्धट ठरलो होतो! दुसरा अर्ज करून शिक्का इतका कलवला, की कारकुनानं विचारलं, "आजोबा, चक्कर आली होती का?"

*

आवाज भरायची खोली म्हणजे कचेरीतली झाडूची खोली. झाडू बाहेर काढून आत मायक्रोफोन ठेवला होता आणि भिंतीला ते नवं यंत्र, शंभर बटणांचं. मित्सुएनं चांगला करडा किमोनो घातला होता. मी तिच्यासाठी रुमालात भातगोळे बांधून नेले होते. काळजी वाटली की मी खाण्याचं काहीतरी बांधून घेतो.

"पाच वाजले," तिनं वाचलं. एक, दोन. "मुलांनो..." एक, दोन. "घरी चला."

चार वेळा वाचलं. दर वेळी आवाज आणखी सुकत गेला. एकाहत्तर वर्षांची, घाबरलेली, चारचौघींसारखी बाई. खरं सांगायचं तर संगणकातली बरी होती. सेगावासान म्हणाले, "उत्तम," आणि इतक्या सभ्यपणे म्हणाले की वाईट झालंय हे आम्हाला कळलं. मग ते कुठलासा कागद आणायला बाहेर गेले.

मित्सुए खुर्चीवर बसून हातांकडे बघत होती. "अहो, गेला माझा आवाज. लोणच्यात मुरला."

मी रुमालाची पुरचुंडी समोरच्या यंत्रावर ठेवली आणि गाठ सोडली. "आलुबुखाराचे आहेत," म्हणालो.

कुठंतरी लांब घंटा झाली, पिंग-पाँग-पिंग-पाँग. शाळा सुटली असेल असं मला वाटलं. सकाळचे पावणेअकरा वाजले होते हे ध्यानात आलं नाही.

मित्सुएनं भातगोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि चाळीस वर्षांत न पाहिलेलं एक वाह्यात हसू तिच्या तोंडावर आलं. भातगोळा भाल्यासारखा वर धरून, उभी राहून, सोळा वर्षांच्या खणखणीत आवाजात ती ओरडली, "जाऊन येते हं! माझा भात झाकून ठेवा!"

त्या झाडूच्या खोलीत मी टाळ्या वाजवल्या. बाहेरून, डोंगरावर आपटून, गावभर फिरून, अडतीस खांबांवरून तिचाच आवाज खिडकीतून परत आत आला : "...झाकून ठेवा... ठेवा... ठेवा..."

पुरचुंडी 'सर्व खांब' या बटणावर होती.

दुसऱ्या गावात लोक हसले असते. आमचा गाव राखेचा आहे. समोरचा डोंगर, आम्ही त्याला 'थोरले' म्हणतो, आठ महिने गप्प होता हे खरं; पण सूचनेची घंटा वाजून खांबावरून बाई 'भात झाकून ठेवा' म्हणाली, तर आमची माणसं कारण विचारत नाहीत. ती भात झाकतात. फुसाएबाईंनी दोनशे टोफू झाकले. बायकांनी वाळत घातलेले कपडे आत ओढले, लोणच्याच्या पिंपांवर झाकणं बसवली, खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबली. कुनिमात्सुसाननी भात झाकला, सोनेरी माशांचं भांडं झाकलं, आणि त्यांच्या सत्त्याण्णव वर्षांच्या आईनं अंथरुणातच छत्री उघडली. मग सगळे आपापल्या दारात उभे राहून थोरल्यांकडे बघू लागले.

मी तिथंच माफीनामा लिहायला बसलो. माफीनामा लिहायला मला चौदा मसुदे लागत नाहीत. त्यात माझा हात बसलेला आहे. तिसऱ्या ओळीवर होतो तोवर खिडकीतला उजेड पिवळट झाला. जमीन जराशी गुरगुरली.

आणि थोरल्यांनी राख टाकली.

चांगली बोटभर. शेजारच्या गावात वाळत घातलेली सगळी मासळी करडी झाली. आमच्या गावात टोफूचा एक तुकडा खराब झाला नाही.

*

अपमान मला सोसतो. कौतुकाशी कसं वागायचं ते मी शिकलेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन वाजू लागला.

"वहिनी, उद्या गाद्या उन्हात टाकू का?"

"मला काय ठाऊक!" मित्सुए ओरडली. बाईंनी गाद्या टाकल्या नाहीत, आणि दुपारी भुरभुर राख पडली. त्यानंतर मित्सुए कंटाळून "टाका" म्हणायची, तर लख्ख ऊन पडायचं. असं तीनदा झालं. कुनिमात्सुसानच्या आईनं तर छत्री मिटायची की नाही हे विचारायला निरोप पाठवला. मी वाटेनं जाताना लोक वाकू लागले. माझ्यासाठी नव्हे, मी तिचा नवरा म्हणून. मी तर त्या दिवशी फक्त पुरचुंडी ठेवली होती, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

मित्सुए मात्र आतून मिटत चालली. "त्या पोरीला भविष्यवाली केलं लोकांनी," ती म्हणाली. "ती खेळायची हो नुसती. आता मी पाचची ओळसुद्धा वाचणार नाही. लावू दे त्यांना संगणक." चारदा भरलेलं वाचन तिनं कचेरीतून पुसायला लावलं. महिना संपायला पाच दिवस होते.

त्यांतल्या चौथ्या दिवशी सेगावासान घरी आले. दारातच तीनदा वाकले. काखेत फाइल. राखेचा अंदाज बांधणाऱ्या वरच्या कचेरीनं विचारणा केली होती, की हाइजाकीच्या आपत्ती विभागाला आगाऊ कसं कळलं? फॉर्ममध्ये 'पूर्वसूचनेचा आधार' अशी चौकट होती, आणि तिच्यात पर्याय : यंत्र, प्रत्यक्ष दर्शन, दुसरी कचेरी, इतर.

मी सगळं कबूल केलं. रुमाल, गाठ, बटण, भातगोळा. अपराध्यासारखा बोललो, म्हणजे नेहमीसारखाच.

सेगावासाननी पेनाचं टोपण काढलं. मग 'इतर' वर खूण केली. कंसात सुबक अक्षरात लिहिलं, 'भोजन'. शिक्का मारला. फाइल बंद केली, चहाचा पेला सरळ केला, पण उठेनात.

"कचेरीचं काम संपलं," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "एक कचेरीबाहेरचं विचारायचं होतं. वहिनींना."

"विचारा ना."

"ती परत आली का हो?"

मित्सुए चहा ओतत होती. किटली तशीच हवेत राहिली.

"मी आठ वर्षांचा होतो," सेगावासान म्हणाले, फाइलकडे बघत. "त्या दिवशी आवाज ऐकला आणि मी जिन्यात बसलो. कागद आणायला गेलो होतो, तो राहिलाच. तुम्हाला म्हणून सांगतो. एकोणिसावा भाग झाला आणि पुढच्या बुधवारी मुळा लागला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आमची आजी म्हणाली, अरे, भात झाकून ठेवा असं सांगून गेलीय ना ती? मग झाकून ठेवायचा. लांब गेलेल्या माणसाचं पान मांडतात, तसं. आमचे आजोबा बोटीवर होते तेव्हा ती मांडायची. तशी एक वाटी तिनं कोमामेसाठी मांडली. रोज. झाकण घालून."

"किती दिवस?" मित्सुएनं विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि त्या भाताचं काय करायच्या?"

"दुसऱ्या दिवशी मी खायचो." सेगावासाननी पेला पुन्हा सरळ केला. "मी लहानपणी फार जाड होतो."

मित्सुए हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. आमच्या घरी पाणी असं वाया जात नाही.

मी भित्रा माणूस आहे, पण त्या क्षणी मी ते केलं. पुस्तकांच्या कपाटातल्या खालच्या फळीवरून एक पातळ पुस्तक काढलं. विसाव्या भागाची संहिता. छापून वाटली गेली होती, पण आवाज भरायच्या आतच मालिका बंद पडली. मित्सुएनं ती लग्नाच्या वर्षी रद्दीत टाकली होती. मी उचलली, निळ्या कापडात बांधली, पाठीवर क्रमांक घातला आणि ठेवून दिली. रद्दीतून वाचलेली वस्तू परत करायची मुदत नसते असं मी स्वतःला समजावत आलो होतो.

मित्सुए ओले हात पुसत बाहेर आली. निळं पुस्तक पाहून जागीच उभी राहिली. "अहो, हे तुम्ही..."

"बाविसावं पान," मी म्हणालो. "खूण घातली आहे."

तिनं पान उघडलं. ओठ हलले. मग मान वर न करता तिनं विचारलं, "सेगावासान, पाचला मुलांना 'घरी चला'च म्हणावं लागतं का? दुसरं चालत नाही?"

सेगावासाननी खिशातून नियमावली काढली. ती ते बरोबर बाळगतात. बराच वेळ चाळून म्हणाले, "कलम सात. घरी परतण्यास उत्तेजन देणारा मजकूर. आज्ञाच असावी असं लिहिलेलं नाही." पुन्हा वाचलं. "उदाहरण घालून दिलेलं चालेल."

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाचला पाच मिनिटं असताना मी आळीच्या कोपऱ्यावरच्या खांबाखाली उभा होतो. आवाज आधीच भरून झाला होता, तरी मित्सुएनं मला घरातून घालवलं होतं. "तुम्ही समोर असलात की मला लाज वाटते," म्हणाली आणि मुळा किसायला बसली. खांबाखाली नेमक्या कुठल्या जागी पोस्टमास्तर उभे राहायचे ते मला आठवत होतं. ती जागा सोडून मी जरा बाजूला उभा राहिलो.

फुसाएबाई दुकानाच्या दारात आल्या. कुनिमात्सुसान घड्याळ हातात धरून उभे होते. ओढ्याकाठी मुलं चेंडू खेळत होती; त्यांना काहीच माहीत नव्हतं.

पिंग-पाँग-पिंग-पाँग.

"आले हं!"

एक. दोन. डोंगरावरून : आले हं... हं...

"भात झाकून ठेवलाय ना?"

मग ती खिदळली. ते नियमावलीत कुठल्याही कलमात बसत नव्हतं. त्रेचाळीस वर्षं कुठंतरी अडकून पडलेलं ते खिदळणं अडतीस खांबांवरून गावभर सांडलं आणि थोरल्यांवर आपटून परत आलं.

मुलांनी चेंडू थांबवला. कुणीतरी म्हणालं, "चला रे, भूक लागली."

आणि फुसाएबाई! दोन्ही हात तोंडाभोवती धरून त्या खांबाकडे बघत, गाव हादरेल अशा आवाजात ओरडल्या, "ठेवलाय गं बये, ठेवलाय! ये आत!"

कुनिमात्सुसाननी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि टोपी काढली. समोरच्या घरातून, मागच्या घरातून, वरच्या आळीतून, "आलीस का, ये", "ये गं ये" अशा हाका येत राहिल्या. बाहेरून कुणी आलं की आम्ही हे म्हणतोच. न म्हणता राहवत नाही. कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडली होती. तिथून हाक ऐकू आली नाही. कामाच्या वेळात सेगावासान ओरडणार नाहीत. पण खिडकी बराच वेळ उघडी होती, आणि राखेच्या गावात कुणी खिडकी अशी उघडी ठेवत नाही.

मी घरी आलो. चपला सरळ लावल्या. "आलो," म्हणालो.

"या," मित्सुए आतून म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, जरा बसलेला. "हात धुवा. भात झाकलेलाय."

त्या आठवड्यात फिरती पाटी आमच्या घरी सगळ्यांत शेवटी आली. 'पाचचा आवाज बदलल्याची नोंद घ्यावी', एवढीच ओळ. खाली बारा चौकटी. अकरा शिक्के मारलेले, आमची चौकट मधोमध रिकामी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डावीकडचे सगळे शिक्के उजवीकडे कलले होते. उजवीकडचे डावीकडे. अकरा घरं आमच्या रिकाम्या चौकटीकडे वाकून उभी होती. कुनिमात्सुसानच्या आईचा शिक्का वेगळा, समासात होता, आणि तो जवळजवळ आडवा झाला होता.

मी शिक्का हातात घेऊन बसलो. आपल्याच चौकटीत कुणाकडे कलायचं, हे कुनिमात्सुसाननी सांगितलं नव्हतं. मित्सुए माझ्या पाठीमागं स्वयंपाकघरात होती. म्हणून मी हिशेब केला, आणि शिक्का पूर्ण फिरवून मारला.

तिनं चहा ठेवता ठेवता खांद्यावरून पाहिलं.

"अहो, उलटा मारलात."

"असू दे," मी म्हणालो.